लानद्वीन: चालत जायचं बेट आणि बुडालेल्या समुद्राचा तळ

वेल्समधल्या लानद्वीन बेटाचे फोटो पाहिले की दोन प्रश्न हमखास पडतात. बेट आहे तर माणसं वाळूवरून चालत कशी निघालीत? आणि ‘अतिप्राचीन खडक’ म्हणून जे दाखवतात त्यात एवढं बघण्यासारखं काय आहे? दगड काय, सगळेच जुने असतात.

दोन्ही प्रश्न रास्त आहेत. पहिल्याचं उत्तर कोकणातला कोणीही कोळी झोपेतही देईल. दुसऱ्याचं उत्तर शोधायला भूवैज्ञानिकांना शंभर वर्षं लागली आणि त्यातला काही भाग अजून वादात आहे. २०२२ साली आंतरराष्ट्रीय भूवैज्ञानिक संघानं जगातल्या पहिल्या शंभर भूवारसा स्थळांची यादी जाहीर केली, त्यात या चिमुकल्या बेटाचं नाव आहे. ते तिथे का आहे, हे कळलं की मग बेटावर पाय ठेवण्यात मजा आहे. नाहीतर दीपगृहाचा फोटो काढून परत फिरायचं, जे बहुतेक जण करतात.

हे बेट आहे कुठे?

वेल्सच्या वायव्य टोकाला अँगलसी नावाचं मोठं बेट आहे. १८२६ साली मेनाई सामुद्रधुनीवर झुलता पूल झाला, तेव्हापासून तिथे गाडीरस्त्यानं जाता येतं. अँगलसीच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावर न्यूबरो नावाचं गाव, गावापलीकडे पाइनचं जंगल, जंगलापलीकडे वाळूच्या टेकड्या आणि लांबलचक पुळण. त्या पुळणीच्या एका टोकाला समुद्रात घुसलेली खडकाळ, गवताळ पट्टी म्हणजे लानद्वीन. हा सगळा परिसर राष्ट्रीय निसर्ग राखीव क्षेत्र आहे आणि पूर्ण अँगलसी बेटाला युनेस्कोच्या जागतिक भू-उद्यानाचा दर्जा आहे.

बेटावर १८४५ साली बांधलेला तूर मौर हा दीपगृहाचा मनोरा आहे, जहाजांना वाट दाखवणाऱ्या पायलटांची बैठी घरं आहेत आणि संत द्विनवेनच्या नावाचं पडकं चर्च आहे. द्विनवेन ही वेल्समधल्या प्रेमिकांची संत. तिचा दिवस २५ जानेवारीला असतो, म्हणजे व्हॅलेंटाइनच्या आधी वीस दिवस वेल्श लोकांचा हिशेब उरकलेला असतो. पर्यटक येतात ते या सगळ्यासाठी. उन्हाळ्यात सुट्टीच्या दिवशी न्यूबरोचा अरुंद रस्ता गाड्यांनी तुंबतो, ही तिथल्या बातम्यांतली दरवर्षीची तक्रार.

चालत जाता येतं, मग बेट कसलं?

अलिबागचा कुलाबा किल्ला आठवा. ओहोटीला पँट दुमडून चालत जायचं आणि भरती लागायच्या आत परत फिरायचं. लानद्वीनचंही तसंच आहे. फरक इतकाच की लानद्वीनला जोडणारी वाळूची मान जरा उंच आहे, त्यामुळे ती रोजच्या भरतीला बुडत नाही. मोठ्या उधाणालाच बुडते. म्हणून त्याला बेट म्हणावं की भूशिर, यावर वाद घालता येतो. पाणी चढलेलं असताना पलीकडे अडकलेल्या माणसाला मात्र तो वाद सुचत नाही.

भरती येते कशी? चंद्र पृथ्वीला ओढतो. पृथ्वीची जी बाजू चंद्राकडे असते तिथलं पाणी जास्त ओढलं जातं, पलीकडच्या बाजूचं सगळ्यांत कमी, आणि पृथ्वीचा गाभा या दोन्हींच्या मधोमध. त्यामुळे दोन्ही बाजूंना पाण्याला फुगवटा येतो आणि दिवसात साधारण दोन भरत्या, दोन ओहोट्या होतात. चंद्रही पुढे सरकत असल्यामुळे दुसऱ्या दिवशीची भरती सुमारे पन्नास मिनिटं उशिरा येते. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास सूर्य आणि चंद्र एका रेषेत येऊन जोर लावतात, तेव्हा उधाण. अष्टमीच्या आसपास दोघांची ओढ काटकोनात असते, तेव्हा भांग, म्हणजे पाणी चढतंही कमी आणि उतरतंही कमी.

आपल्या किनाऱ्यावर एक सोपा हिशेब चालतो: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. पंचमीला पाच गुणिले पाऊण, म्हणजे पावणेचारला भरती. त्यात सहा तास मिळवले की ओहोटी. हा हिशेब मुंबई-कोकणात बऱ्यापैकी जमतो. पण तो घेऊन वेल्सला जाऊ नका. भरतीचं पाणी समुद्राच्या आकारानुसार, खोलीनुसार आणि आखातांच्या वळणांनुसार वेगवेगळ्या बंदरांत वेगवेगळ्या वेळी पोचतं. प्रत्येक बंदराचा उशीर त्याचा स्वतःचा असतो. तिथे जाताना तिथल्याच जवळच्या बंदराचं, कर्नार्व्हन किंवा होलीहेडचं वेळापत्रक पाहायचं.

त्यातही दोन खाचखळगे आहेत. एक घड्याळाचा. ब्रिटनमध्ये उन्हाळ्यात घड्याळ एक तास पुढे असतं, पण भरतीची काही वेळापत्रकं ग्रीनिच वेळेतच छापलेली असतात. तक्त्याच्या डोक्यावर बारीक अक्षरात काय लिहिलंय ते वाचलं नाही, तर एका तासाची चूक ठरलेली. दुसरा आकड्याचा. पावसाळ्यात मुंबईच्या बातम्यांत ‘आज साडेचार मीटरची भरती’ असं ऐकतो, तेव्हा चौपाटीवर साडेचार मीटर पाणी उभं राहणार असा अर्थ नसतो. हे मीटर मोजतात ते अतिशय खालच्या ओहोटीच्या पातळीपासून. त्यामुळे एका दिवसाचा आकडा सुटा वाचून काही कळत नाही. त्याच बंदराच्या इतर दिवसांशी ताडून पाहिला की कळतं आज उधाण आहे की भांग. मार्च आणि सप्टेंबरच्या विषुवदिनांच्या आसपासची उधाणं वर्षातली सगळ्यांत मोठी. त्या दिवसांत लानद्वीनची मान बुडणार हे धरूनच चालायचं.

खडक किती जुने? आणि आपले काय कमी जुने आहेत?

लानद्वीनचे खडक ५० कोटी वर्षांहून जुने आहेत. सह्याद्रीचा काळा कातळ साधारण ६.६ कोटी वर्षांचा, म्हणजे त्याच्या मानानं अगदी अलीकडचा. पण थांबा. गोव्यातले नाईस जातीचे काही खडक ३०० कोटी वर्षांहून जुने आहेत. पूर्व विदर्भात, भंडारा-गडचिरोली पट्ट्यातही लानद्वीनच्या कितीतरी पट जुना पाया उघडा पडलेला आहे. वयाचीच शर्यत असती तर लानद्वीनचा नंबर बराच खाली लागला असता.

मग हे बेट यादीत कशासाठी? माझ्या मते ‘अतिप्राचीन’ या शब्दानं पर्यटनखात्यांनी या बेटाचं नुकसानच केलंय. माणूस तिथे वय बघायला जातो आणि वय काही डोळ्यांना दिसत नाही. जे दिसतं ते वेगळंच आहे: आज अस्तित्वात नसलेल्या एका महासागराचा तळ, तो तयार झाल्यापासून गिळला जाईपर्यंतच्या सगळ्या अवस्थांसह, एका लहानशा फेरफटक्यात पायाखालून जातो. गोव्यातल्या त्या नाईसनं जमिनीच्या पोटात इतकं भाजून-दाबून घेतलंय की त्याच्या मूळ रूपाचा बराचसा मागमूस पुसला गेलाय. लानद्वीनला मूळ आकार अजून ओळखता येतात. पन्नास कोटी वर्षांत ते टिकले, हे नवल.

उशीच्या आकाराचा दगड

वाहनतळापासून पुळणीवरून साधारण दीड किलोमीटर चाललं की बेटाच्या तोंडाशी खडक लागतात. पहिल्यांदा पाहताना ते नुसते गोलमटोल धोंडे वाटतात, लाटांनी घासून गुळगुळीत केल्यासारखे. जरा वाकून पाहा. ते सुटे धोंडे नाहीत. एकमेकांवर दाबून बसलेले फुगीर गोळे आहेत, काही वीतभर, काही हातभर, काही त्याहून मोठे. रंग काळा नाही, हिरवट, मधूनच जांभळट. प्रत्येक गोळ्याच्या कडेला आतल्या दगडापेक्षा बारीक पोताची एक किनार दिसते. दोन-तीन गोळे मिळतात तिथल्या तिकोनी फटीत कुठे पांढरट चुनखडी, कुठे जॅस्पर नावाचा, रक्तासारखा लाल, गारगोटीच्या जातीचा दगड भरलेला.

याला पिलो लाव्हा म्हणतात, म्हणजे उशीसारखा लाव्हा. तो तयार होतो फक्त पाण्याखाली. समुद्रतळाच्या भेगेतून अकराशे-बाराशे अंश तापलेला लाव्हा थंड पाण्यात बाहेर येतो, त्याची बाहेरची साल क्षणात गोठते, आत रस तसाच राहतो. मागून रेटा आला की साल फुटते आणि तिथून नवा गोळा फुगतो. बारीक पोताची ती किनार म्हणजे ही झटक्यात गोठलेली साल. हिरवा रंग नंतरचा. समुद्राचं गरम झालेलं पाणी खडकात शिरून त्यातली खनिजं बदलली, त्याचा.

सगळ्यांत उपयोगी खूण गोळ्याच्या बुडाशी असते. नवा गोळा खालच्या दोन गोळ्यांवर पडतो तेव्हा तो मऊ असतो, त्यामुळे त्याचं बूड त्या दोघांच्या मधल्या खाचेत ओघळून टोकदार होतं. माथा मात्र फुगीरच राहतो. म्हणजे एक गोळा नीट पाहिला तरी तेव्हाचं ‘वर’ कुठे होतं ते सांगता येतं. ती टोकं आज बाजूला वळलेली दिसली की समजायचं, अख्खा समुद्रतळ नंतर कलंडला आहे.

सह्याद्रीत असे गोळे का दिसत नाहीत? कारण आपला लाव्हा मुख्यतः उघड्या जमिनीवर पसरला. त्याचे सपाट थर झाले, वायूच्या बुडबुड्यांची भोकं राहिली आणि त्यांत पुढे झिओलाइट नावाच्या खनिजांचे स्फटिक जमले. मुंबई परिसरात मात्र काही ठिकाणी लाव्हा पाण्यात शिरला होता आणि तिथे अशा उशा सापडलेल्या आहेत.

समुद्राचा तळ जमिनीवर आला कसा?

इथून गोष्ट जरा अवघड होते.

पृथ्वीचं कवच तुकड्यातुकड्यांचं आहे. या तुकड्यांना भूपट्ट म्हणतात. महासागराच्या मध्यभागी दोन भूपट्ट एकमेकांपासून दूर सरकतात, भेग पडते, लाव्हा वर येतो आणि नवा तळ तयार होतो. हा तळ वर्षाला काही सेंटीमीटर या वेगानं भेगेपासून दूर जात राहतो. कोट्यवधी वर्षांनी तो दुसऱ्या भूपट्टाच्या कडेला पोचतो आणि त्याच्याखाली घुसून पृथ्वीच्या पोटात जातो.

या सगळ्या प्रवासात तळावर काय काय साचत जातं ते पाहा. सगळ्यांत खाली उशांचा लाव्हा. त्यावर चुनखडी आणि लाल चर्ट. चर्ट म्हणजे गारगोटीच्या जातीचा अतिसूक्ष्म कणांचा खडक. भर समुद्रात जमिनीवरून वाळू-माती पोचत नाही, त्यामुळे हजार वर्षांत जेमतेम काही मिलिमीटर गाळ बसतो. मग किनारा जवळ यायला लागला की चिखल, आणि तळ जिथे खाली घुसतो त्या खोल गर्तेच्या अगदी तोंडाशी आल्यावर खंडावरून वाहून आलेली वाळू. लाव्हा, चुनखडी, चर्ट, चिखल, वाळू हा क्रम म्हणजे त्या तळाचं प्रवासवर्णन. आणि हेच सगळे खडक लानद्वीनवर आहेत.

आता तळ दुसऱ्या भूपट्टाखाली घुसतो तेव्हा काय होतं? पावसाळ्यात चिखलातून घरी आलेला माणूस पायरीच्या कडेला चप्पल घासतो. चप्पल पुढे निघून जाते, पण तिच्या तळाचा चिखल पायरीच्या कडेला अडतो. त्यात वाटेतली लाल माती असते, शेण असतं, एखादा खडा असतो, पान असतं. घरातली चार माणसं घासून गेली की कडेला एक ढीग होतो, थरांवर थर चढलेले, काही उलटे, काही मिसळून गेलेले. लानद्वीन हा तो ढीग आहे. चप्पल म्हणजे समुद्राचा तळ, तो केव्हाच पोटात गेला. खरवडलेला चिखल तेवढा उरला. एक फरक आहे: पायरीवरचा ढीग चार पावलांत होतो, इथला लाखो वर्षांत झाला आणि नंतर दाबला जाऊन दगड बनला.

ढिगात जिथे फारच घालमेल झाली, तिथे चिखलाच्या दगडात लाव्हाचे, चुनखडीचे, वाळूखडकाचे लहानमोठे तुकडे वेडेवाकडे अडकलेले दिसतात. या प्रकाराला मेलांज म्हणतात. हा शब्द भूविज्ञानाला अँगलसीनंच दिला. एडवर्ड ग्रीनली नावाच्या भूवैज्ञानिकानं १८९५ मध्ये सरकारी सर्वेक्षणातली नोकरी सोडली आणि स्वतःच्या खर्चानं अख्ख्या अँगलसीचा नकाशा करायला घेतला. त्याचा दोन खंडांतला अहवाल १९१९ साली आला. त्यात त्यानं या मिश्रणाला मेलांज म्हटलं आणि बारकाईनं वर्णन करून ठेवलं. ते कसं झालं हे मात्र तो नीट सांगू शकणार नव्हता, कारण भूपट्टांचा सिद्धान्त यायला १९६० चं दशक उजाडायचं होतं. त्याच्या नोंदी इतक्या चोख होत्या की सिद्धान्त आल्यावर त्यांचा अर्थ लागला. पुढे जपानी आणि ब्रिटिश अभ्यासकांनी मिळून हे खडक पुन्हा पाहिले. जपानच्या किनाऱ्यावर हीच खरवड आजही चालू आहे, त्यामुळे जपानी डोळ्यांना इथला क्रम ओळखीचा वाटला.

हे सगळं अंदाजपंचे नाही कशावरून?

शंका योग्य आहे. पन्नास कोटी वर्षांपूर्वी बघायला कोणी नव्हतं. पण यातला प्रत्येक टप्पा आज कुठे ना कुठे घडताना दिसतो. पाण्याखाली उशा फुगताना पाणबुड्यांनी चित्रित केल्या आहेत. खोल समुद्रातला गाळ जहाजांवरून भोकं पाडून मोजलाय. लानद्वीनवर तेच पुरावे त्याच क्रमानं सापडतात.

वयाबद्दल मात्र पूर्ण एकमत नाही. खडकाचं वय काढायचा भरवशाचा मार्ग म्हणजे झिरकॉन नावाचे चिवट, सूक्ष्म स्फटिक. त्यात अडकलेलं युरेनियम ठरलेल्या गतीनं शिसं होत जातं, त्या प्रमाणावरून स्फटिकाचं वय निघतं. अडचण अशी की लाव्हाच्या या जातीत झिरकॉन फारच विरळ. वाळूखडकात मिळतो, पण तो दुसरीकडून वाहून आलेला. त्यावरून एवढंच कळतं की वाळूखडक त्या स्फटिकापेक्षा नंतरचा. पूर्वी हे सगळे खडक सरसकट कॅम्ब्रियन-पूर्व, म्हणजे सुमारे ५३.९ कोटी वर्षांपेक्षा जुने मानले जात. नव्या मापनांनंतर काही भाग कॅम्ब्रियन काळातला असावा असं दिसतंय. म्हणून भूवारसा यादीतही दोन्ही काळांची नावं जोडून दिली आहेत.

आणखी एक शंका: मग तेव्हा वेल्स कुठे होतं? दक्षिण गोलार्धात, गोंडवन या महाखंडाच्या काठावर. भारतही त्याच महाखंडाचा भाग होता. लानद्वीनचा हा ढीग जमला तेव्हा ब्रिटन नावाचा एकसंध तुकडाच नव्हता. स्कॉटलंड आणि वेल्स यांच्यामध्ये महासागर होता.

जायचं असेल तर

मँचेस्टर-लिव्हरपूलकडची मराठी मंडळी एका दिवसात जाऊन येऊ शकतात. न्यूबरोच्या पुळणीला सशुल्क वाहनतळ आहे. सुट्टीच्या दिवशी सकाळी लवकर पोचा, नाहीतर जंगलाच्या अलीकडूनच माघारी फिरावं लागेल. वेळ ठरवताना जेवणाची सोय पाहू नका, ओहोटी पाहा. ओहोटीच्या दोनएक तास आधी बेटाच्या तोंडाशी असलात तर पुळणीवरचे उशांचे खडक धुतलेले, ओले आणि उघडे मिळतात. ओल्या खडकावर रंग उठून दिसतो, कोरड्यावर सगळंच करडं. शेवाळावर पाय सरकतो, तेवढं सांभाळा. चप्पल नको, पकड असलेले बूट हवेत.

पाणी चढून मान बुडालीच, तर घोटाभर दिसतंय म्हणून उतरायचं नाही. बेट उंच आहे, वर बसून राहायचं. भरतीचा माथा सरला की वाट मोकळी होते. कोणाला इजा झाली असेल किंवा कोणी पाण्यात अडकलं असेल तर ९९९ लावून कोस्टगार्ड मागायचा. हातोडा घेऊन जाऊ नका. हे क्षेत्र कायद्यानं संरक्षित आहे आणि लाल जॅस्परचा खडा खिशात टाकायलाही मनाई आहे. मुलांना हे आधीच सांगून ठेवलेलं बरं.

वेल्सचं तिकीट परवडत नसेल तर पिलो लाव्हा बघायला कर्नाटकात जाता येतं. चित्रदुर्गजवळच्या मरडीहळ्ळीला उशांचा असाच लाव्हा उघड्यावर आहे. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणानं त्याला राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारक ठरवलंय. वय साधारण अडीचशे कोटी वर्षं, म्हणजे लानद्वीनच्या चौपटीहून जास्त. तिथे जायला भरतीचं वेळापत्रक लागत नाही. पुणे-बंगळूर महामार्गावरून चित्रदुर्ग गाठायचं, तिथून पुढे जवळच आहे.